पाइपवरचा लाल बाण

“आता खरं सांगा. काल पाण्यात काय पडलं?”

असं विचारण्याआधी ते चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि तो परत डोळ्यांवर न चढवता समोरच्या प्रत्येकाकडे आळीपाळीने बघायचे. चष्म्याशिवाय त्यांना समोरच्याचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण त्या वेळी त्या नजरेपुढे भलेभले गडबडत. न केलेले गुन्हे कबूल करून टाकावेत असं वाटायचं. एकदा कोणीच काही बोलेना म्हणून मी “माझी पिन पडली असेल कदाचित” असं सांगून मोकळी झाले होते. पिन माझ्या केसांतच होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बिघाड यंत्रात असतो, आणि यांचा तपास सुरू होतो घरातल्या माणसांपासून. आमचे हे गृहस्थ बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव दुरुस्त करायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात घरचा तलाव ही अगदी मोजक्यांची हौस होती. त्यामुळे धंद्यात त्यांना स्पर्धा नव्हती, आणि स्पर्धा नसलेल्या माणसाला जो डौल येतो तो सगळा त्यांच्यात आला होता.

आधी ते अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. यायचे लूनावर, पण कपडे पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे, आणि पायांत पांढरे बूट. तलावाच्या पाण्याला ते बोटसुद्धा लावत नसत. पोहता येत नव्हतं, हे खरं कारण. विचारलं तर म्हणायचे, “हलवायाने मिठाई खायची नसते, मॅडम.” कोणी मिस्त्री म्हटलं की लगेच हात वर. “मिस्त्री भिंत बांधतो. मी सिस्टीम बघतो. टेक्निशियन म्हणा.” आणि विषय असो वा नसो, एक वाक्य ठरलेलं असायचं: “आपल्या हातून आजवर चूक नाही. एक दाखवा.”

नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्यांना फार आवडेल, आणि त्यांचं एवढं कौतुक त्यांनी स्वतःच करून ठेवलं आहे की माझी भर नको.

मी फिजिओथेरपिस्ट. हात-पाय चालेनासे झालेल्या लोकांकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. आमची गाठ पडली ती मखमलाबादच्या बाजूच्या एका बंगल्यात. ते कुटुंब फुलवाल्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या झेंडू-शेवंती पिकवायची, पाट्या बाजारात न्यायच्या. दादांनी, म्हणजे घरच्या कर्त्या मुलाने, प्लास्टिकच्या कागदाने झाकलेलं पॉलिहाउस उभारलं, लांब दांड्यांचे गुलाब काढले आणि मुंबईला पाठवले. चार पैसे हातात आल्यावर बंगल्यामागे एक लहानसा तलाव बांधून घेतला. घरात पोहता कोणालाच येत नव्हतं. वर्षभरात तिथे बेडूक राहायला आले.

मग एका वादळी दुपारी पॉलिहाउसचा उडणारा कागद धरायला दादा वर चढले आणि खाली आले ते थेट दवाखान्यात. मणक्याला मार बसला होता. ऑपरेशन झालं. नस तुटलेली नाही, दबली आहे, पाय परत येतील पण मेहनत लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती मेहनत करून घ्यायला मी जाऊ लागले. जमिनीवर उभं करायला गेलं की दादांना घाम फुटायचा. पडलेल्या माणसाला परत पडायची जी भीती बसते, ती औषधाने जात नाही. एक दिवस खिडकीतून मला मागचा तलाव दिसला आणि मी म्हटलं, बेडकांना निरोप द्या. पाणी माणसाला अर्धं उचलून धरतं. कोमट पाण्यात दादा उभे राहतील.

कोमट हा शब्द महत्त्वाचा. गार पाण्यात त्यांचे पाय ताठ व्हायचे, लाकडासारखे, आणि मग दिवसभर ठणकायचे.

वहिनींचे, म्हणजे दादांच्या पत्नीचे, भाऊ हायवेवर हॉटेल चालवत. त्यांच्याकडे तलाव होता आणि तलावाबरोबर आमचे टेक्निशियन होते. तेच इथे आले. त्यांनी गळती बुजवली, पंप बसवला, हीटर बसवला आणि आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून समजावून सांगितलं. तलावाच्या कडेला एक चौकोनी तोंड असतं. पंप तिथून पाणी ओढतो. पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून त्या तोंडात जाळीची टोपली. ओढलेलं पाणी गाळणीतून हीटरकडे जातं आणि गरम होऊन परत तलावात येतं. हीटरच्या आधी, पाइपात, एक सेन्सर. त्यात जिभेएवढी पट्टी लोंबकळत असते. पाण्याची धार जोरात असली की ती कलते आणि हीटर चालू होतो. धार मंदावली की पट्टी सरळ, हीटर बंद.

“हा आपला वॉचमन,” त्यांनी पाइपवर थोपटून सांगितलं. “पाणी वाहत नसताना हीटर पेटला तर पाइपातल्या पाइपात पाणी उकळेल. वॉचमन ते होऊ देत नाही.” मग ते दादांच्या आईकडे वळले. “मावशी, टोपलीचं काम तुमचं. रोज साफ करायची.”

“करते की,” मावशी म्हणाल्या. “मिस्तरी, एक विचारू? ह्या पाण्यात गंगेचा तांब्या वतला तर चालंल का?”

“टेक्निशियन,” ते म्हणाले. “आणि चालेल.”

नाशिककरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात. एरवी ती गंगा. मावशींनी गंगेवरून भरून आणलेला तांब्या दोन्ही हातांनी तलावात ओतला, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि दादांना आम्ही पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. त्या दिवशी दादा कठडा धरून उभे राहिले. पडल्यापासून पहिल्यांदा. वहिनी आत जाऊन रडल्या. टेक्निशियन म्हणाले, “टेम्परेचर एकदम परफेक्ट होतं ना?” जणू पाय त्यांनीच दिले होते.

आणि मग श्रावण लागला आणि सेन्सर रुसला.

पंप पहाटेच सुरू व्हायचा, म्हणजे मी सकाळी पोहोचेपर्यंत पाणी तयार. पण काही दिवशी मी हात घालून बघायचे तर पाणी गार. पंपघरात पंप घरघरत असायचा आणि हीटर मात्र बंद. सेन्सरने परवानगीच दिलेली नसायची. मग व्यायाम रद्द, किंवा दादा हट्टाने उतरायचे आणि पाय आखडून घ्यायचे. वहिनी फोन लावायच्या. दुपारी लूना यायची. टेक्निशियन बटण दाबायचे आणि हीटर गुणी मुलासारखा चालू व्हायचा.

“यात तर काहीच नाही,” ते म्हणायचे, आणि चष्मा काढायचे. “आता खरं सांगा. काल पाण्यात काय पडलं? काही कचरा?”

कोणीच काही सांगत नव्हतं, कारण कोणाला काही माहीतच नव्हतं. मावशींना विचारलं, टोपली साफ होती? “रोज करते बाबा. आजबी केली.” आणि टोपली खरंच लख्ख असायची. त्यांनी स्वतः झाकण उघडून पाहिली होती.

पहिला आरोप विजेवर झाला. दाब कमी येतो म्हणाले. दुसरा बेडकांवर. बेडूक जुनं घर विसरत नाही, तो पाइपात शिरून बसला असणार. तिसरा आरोप माझ्यावर. मी दादांच्या पायांना जे तेल लावते ते पाण्यावर तरंगत जाऊन सेन्सरच्या पट्टीला बसतं. मी म्हटलं, मी तेल लावतच नाही. “मग पावडर,” ते म्हणाले. शेवटी सेन्सर बदलला. नवा सेन्सरही काही दिवस चालला आणि पुन्हा तेच. मग तोही बदलला.

एकदा पंपाच्या आतल्या गाळणीत त्यांना भाताचं शीत सापडलं. शीत नव्हे, कच्चा तांदूळ, पाण्याने फुगलेला आणि किंचित लालसर. ते तळहातावर घेऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले. वहिनींची उलटतपासणी झाली. तांदूळ कुठे धुता, पाणी कुठे टाकता, पुलाव कधी केला होता, त्यात रंग टाकला होता का. वहिनी हसून हसून बेजार. मावशी ओट्याशी भाजी निवडत होत्या. त्यांना कोणी विचारलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण हे कळायला अजून वेळ होता.

वहिनींच्याच लक्षात आलं की बिघाड बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी होतो. हे ऐकल्यावर टेक्निशियन गंभीर झाले. ते मूळचे कळवणकडचे, म्हणजे गडावरच्या देवीच्या पायथ्याचे. “देवीचे वार,” ते हळूच म्हणाले, आणि पुढच्या शुक्रवारी चक्क नारळ घेऊन आले. पांढऱ्या बुटांसकट पंपासमोर हात जोडून उभे राहिले आणि नारळ फोडला. मी सायन्स शिकलेली बाई, पण प्रसाद घेतला. पुढच्या मंगळवारी हीटर बंदच होता.

त्यांची एक सवय सांगायची राहिली. काम संपलं की ते वहिनींना म्हणायचे, “एक फोन लावू? एसटीडी आहे, आधीच सांगतो.” कळवणकडच्या त्यांच्या गावात कुठल्याशा दुकानात फोन होता. दुकानदार हाक मारून त्यांच्या आईला बोलावून आणेपर्यंत हे रिसीव्हर कानाला लावून उभे. मग आवाज एकदम खाली यायचा आणि बोली गावाकडची व्हायची. “माय, बरं शे ना?” टेक्निशियन, सिस्टीम, परफेक्ट, सगळं त्या एका वाक्यात गळून पडायचं. पलीकडून काय बोललं जायचं ते कळत नसे, हे नुसतं हो हो करायचे. ठेवताना दर वेळी म्हणायचे, “मी चांगला शे. तू चिंता नको करू.”

इकडे दादांचा धीर सुटत चालला होता. पाण्यात उभं राहता यायला लागलेला माणूस परत खाटेवर जातो, तेव्हा तो आधीपेक्षा खोल जातो. एके सकाळी गार पाण्यातून आम्ही त्यांना बाहेर काढलं, पाय थरथरत होते, आणि ते मला म्हणाले, “ताई, दसऱ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर मला खाटेवरच राहू द्या. रोज उतरायचं आणि रोज हरायचं, एवढी ताकद नाही राहिली.”

मला ते बोलणं लागलं. दवाखान्याबाहेरची माझी ही पहिलीच मोठी केस होती, आणि या माणसाचे पाय परत येत होते हे माझ्या हातांना कळत होतं. मन थांबलं असतं तर पाय तिथेच थांबले असते.

वहिनींचे भाऊ म्हणाले, “तो सेन्सरच काढून टाका. वायर डायरेक्ट जोडा. कटकटच नको.”

टेक्निशियन माझ्याकडे वळले. “मॅडम, दादांना पायाला गरम कळतं?”

“कमी कळतं,” मी म्हटलं.

“मग विषय संपला,” ते म्हणाले. “पाइपात उकळलेलं पाणी एकदम पायावर आलं तर यांना कळणारसुद्धा नाही. वॉचमनला हाकलून चोर सापडतो का कुठे?” नंतर मला बाजूला घेऊन, आवाज उतरवून म्हणाले, “शुक्रवारी मी सकाळीच येतो. पंप सुरू होतो तेव्हापासून बसतो. तुम्हीपण या. दोन माणसं असलेली बरी.” बेडूक पकडायला दोन माणसं कशाला, असं मी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी उजाडताना आम्ही दोघं पंपघरात बसलो होतो. पंपघर म्हणजे तलावाच्या टोकाची, जाळीच्या दाराची एक लहान खोली. पंप चालू, हीटर चालू, सगळं ठीक. टेक्निशियन जांभया देत होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मावशी आल्या.

नुकतीच आंघोळ झालेली, डोक्यावर पदर, हातात परडी. परडीत झेंडूची फुलं शिगोशीग. त्या तलावाच्या पायऱ्यांशी बसल्या, पाण्याला हळद-कुंकू लावलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या आणि मग ओंजळी भरभरून फुलं पाण्यात सोडली. सावकाश, एकेक ओंजळ. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

“गंगामाय, माझ्या लेकाचं पाय दे. लय दिस झाले आता. मला काय बी व्हऊ दे, त्याला चालू दे.”

बस, एवढंच. त्या उठल्या आणि आत गेल्या. फुलं पाण्यावर पसरली, मग हळूहळू, रांग लावल्यासारखी, पंप पाणी ओढत होता त्या चौकोनी तोंडाकडे निघाली. उजेड पुरता फुटेपर्यंत पाण्यावर एक पाकळी उरली नाही. टोपली गच्च भरली होती. पंपाचा आवाज बदलला. आणि पाइपात पट्टी सरळ झाली असावी, कारण आमच्यासमोर टक् असा आवाज आला आणि हीटर बंद पडला. सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

म्हणजे मंगळवारी-शुक्रवारी सकाळी टोपली भरायची, मी येईपर्यंत पाणी गार व्हायचं. मी गेल्यावर, दादा झोपल्यावर, मावशी निर्माल्य काढून घ्यायच्या. आणि दुपारी टेक्निशियन यायचे तेव्हा टोपली लख्ख. त्यांनी विचारलं होतं कचरा पडला का. देवाला वाहिलेली फुलं म्हणजे कचरा, हे मावशींच्या मनात कुठून येणार?

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढे दिवस ज्या गुन्हेगाराच्या मागे होते तो सापडला होता. आता हे चष्मा काढणार, सगळ्यांना गोळा करणार, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक बंगल्यात ही गोष्ट सांगणार, असं मला वाटलं.

त्यांनी चष्मा काढला खरा. पण पुसला आणि परत घातला.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे तुम्ही बोलू नका कोणाला.”

“पण सांगावं तर लागेल ना त्यांना?”

“काय सांगणार? तुमच्या फुलांनी पोराचे पाय अडवले म्हणून? मायला असं सांगत नाही कोणी. ती बाई मरेल.” मग म्हणाले, “माझी माय अनवाणी गड चढली होती, मला अंबडला नोकरी लागावी म्हणून. नोकरी मी ओळखीने मिळवली. तिला अजून सांगितलं नाय.”

त्यांनी पंप बंद केला, टोपली काढली आणि इकडेतिकडे बघितलं. मावशी निर्माल्य जास्वंदीच्या बुंध्याशी टाकत, तिथे सुकलेल्या फुलांचा ढीग दिसत होता. ते तिथपर्यंत गेले, बूट काढले, आणि टोपली तिथे हलक्या हाताने उपडी केली. मग टोपली धुऊन जागेवर ठेवली आणि हीटर चालू केला. त्या दिवशी दादांना उतरवायला उशीर झाला, पण पाणी कोमट होतं.

दुपारी त्यांनी सगळ्यांना पंपघरात बोलावलं. वहिनींचे भाऊही आले होते. मावशी दाराशी उभ्या. टेक्निशियनांच्या हातात सेन्सर होता.

“सापडलं,” ते म्हणाले. “सेन्सरवर बाण असतो, पाणी कुठून कुठे जातं त्याचा. तो मी उलटा बसवला होता. म्हणून कधी चालायचा, कधी नाही. चूक माझी.”

मी आयुष्यात बरीच धाडसं पाहिली आहेत. माणसं पडत-झडत पहिलं पाऊल टाकतात ते मी रोज पाहते. पण ‘चूक माझी’ हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून निघताना जे पाहिलं ते त्याच तोलाचं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

वहिनींचे भाऊ हसत सुटले. मग चिडले. “तीनदा बसवला आणि तिन्हीदा उलटा? अहो, दाजींचे पाय आहेत हे! हॉटेलच्या तलावाला उद्यापासून येऊ नका.”

“बरोबर आहे तुमचं,” टेक्निशियन म्हणाले.

मी तोंड उघडायला गेले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझी पिन चाचपली आणि गप्प बसले. मावशी आत गेल्या.

त्याच दिवशी त्यांनी लाल रंगाचा डबा मागवला आणि पाइपवर हातभर लांबीचा बाण काढला. शेंडा, शेपूट, सगळं व्यवस्थित. “परत कोणाची चूक नको,” म्हणाले. आपलं खोटं ते असं पक्क्या रंगात काढून गेले.

फुलांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. दोन दिवसांनी ते मावशींकडे गेले. “मावशी, तुम्ही पाण्याला फूलबिल वाहत असाल तर एक सांगू? या पाण्यात मी औषध टाकतो. त्यात फुलं करपतात. देवाला करपलेली फुलं कशाला? घरात घंगाळ आहे का जुनं?”

घंगाळ होतं, पितळेचं, माळ्यावर पडलेलं. ते घासूनपुसून त्यांनी पायऱ्यांशी बसवलं. तलावात रोज थोडं ताजं पाणी सोडावं लागतं, त्या पाण्याची बारीक नळी त्यांनी आधी घंगाळात आणली. घंगाळ भरलं की पाणी एका तोटीतून, बारीक जाळीतून, तलावात पडायचं. “गंगेचा तांब्या यात ओता. फुलं यात वाहा. तुमच्या फुलांना लागलेलं पाणी जाऊन दादांच्या पायाला लागेल.” एवढं सांगून ते थांबले आणि राहवेना म्हणून म्हणाले, “अशी सिस्टीम नाशकात दुसरीकडे नाही.”

मावशी घंगाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मिस्तरी, जेवून जा.” आणि या गृहस्थांनी त्या दिवशी ‘टेक्निशियन’ अशी दुरुस्ती केली नाही.

त्यानंतर सेन्सर एकदाही रुसला नाही. सकाळी पाण्यात हात घालायचा आणि ते कोमट लागायचं, यात किती सुख आहे हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. रोज काळजीने घातलेला हात रोज निश्चिंत होऊन बाहेर यायचा. दसरा आला आणि गेला, आणि दादांना आपण काय म्हणालो होतो ते आठवलंसुद्धा नाही. त्या दिवशी ते तलावात कठडा न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी म्हटलं, आज पायऱ्या चढून बाहेर येऊ. टेक्निशियन तेव्हा पंपघरात सर्व्हिसिंग करत होते. दादांनी एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर. पहिली पायरी. दुसरी. पाणी कमी होत गेलं तसं अंगाचं वजन परत आलं आणि दादा थबकले. चेहऱ्यावर तीच जुनी भीती. वर मावशी घंगाळापाशी उभ्या होत्या, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

तेवढ्यात माझ्या शेजारी छपकन आवाज झाला. आमचे टेक्निशियन, ज्यांनी पाण्याला कधी बोट लावलं नव्हतं, ते पांढऱ्या बुटांसकट, इस्त्रीच्या पँटसकट, गुडघाभर पाण्यात उतरले होते आणि दादांपुढे हात करून उभे होते. “या दादा. मी हाय. पाणी गेलं तर गेलं, आपण हाय ना.”

दादा बाहेर आले. जमिनीवर, ओल्या पावलांनी, आईपर्यंत. मावशींनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. वहिनींच्या भावांनीसुद्धा त्या गडबडीत टेक्निशियनांच्या पाठीवर थाप मारली आणि वर विचारलं, “काय, आज सरळ बसवला ना?” तेही हसले.

ही गोष्ट दादा पुढे आल्यागेल्याला सांगू लागले. काठी टेकत पाहुण्यांना मागे न्यायचे आणि बाण दाखवायचे. “माणूस हुशार, पण सेन्सर उलटा बसवला होता बघा.” गावभर ‘उलटे टेक्निशियन’ असं नाव पडलं. त्यांच्या कानावर ते येत होतंच. त्यांचं ‘एक चूक दाखवा’ मात्र बंद झालं. मला त्याचं वाईट वाटायचं. त्या वाक्याशिवाय त्यांचं बोलणं मीठ नसलेल्या आमटीसारखं लागायचं. मी एकदा म्हटलं, निदान वहिनींना तरी सांगू का? तर म्हणाले, “मॅडम, खोटं एकदा नीट बसवलं की खोलायचं नसतं. गळायला लागतं.”

मग त्यांच्या आईला बरं नसायला लागलं. ते कळवणकडे गेले ते गेलेच. तिकडे ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं, असं कोणी सांगितलं. दोन-तीनदा फोनवर बोलणं झालं. मागून आवाज यायचा आणि ते रिसीव्हर बाजूला करून म्हणायचे, “माय, मॅडम शे. नाशिकची.” पुढे तो नंबर लागेनासा झाला. मला त्यांच्या गावाचं नावही धड माहीत नाही.

दादांकडून फी घेणं मी केव्हाच थांबवलं होतं, पण त्या घरी जाणं सुटलं नाही. बऱ्याच वर्षांनी, असाच दिवाळीच्या तोंडावर गेले तर बंगल्याला रंग लागत होता. तलावात आता शेतीचं पाणी साठवत. पंपघराच्या भिंती चुन्याने पांढऱ्या झाल्या होत्या आणि रंगारी पाइपवर ब्रश टेकवणार एवढ्यात एरवी काठी टेकत चालणाऱ्या मावशी काठीशिवाय, तरातरा तिथे पोहोचल्या.

“तो नाय रंगवायचा. तो बाण तसाच राहू दे.”

रंगाऱ्याने खांदे उडवले आणि तो दुसऱ्या भिंतीकडे वळला. मावशी मला म्हणाल्या, “ताई, खरं सांगू का?” अगदी टेक्निशियनांसारखं.

“हा बाण काढला त्या दिवशी मी निर्माल्य काढाया गेले, तर टोपली रिकामी. आन् जास्वंदीखाली माझी फुलं. वली. कोणी तरी हातानं मांडून ठेवल्यावानी. तवाच समजलं मला काय घडत व्हतं ते. म्हटलं, आता हा समद्यांसमोर सांगणार. दुपारी दाराची चौकट धरून उभी राह्यले.” त्यांनी बाणाकडे बोट केलं. “आन् तो म्हणला, चूक माझी.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत, मावशी.”

“काय बोलू? त्यानं येवढं माझ्यासाठी झाकलं, ते मी उघडं करू? त्याला वाटायचं मला ठावं नाय. वाटू दे म्हटलं. जेवाया वाढत व्हते तेवढंच.”

पलीकडून दादा येत होते, काठी न टेकता, नुसती हातात धरून. बरोबर कोणी नवे पाहुणे होते. “हा बघा,” दादा लांबूनच सांगू लागले, “आमच्या टेक्निशियनचा बाण. गंमतच आहे याची.”

मावशींनी पदराने बाणावरची धूळ पुसली, शेंड्यापासून शेपटीपर्यंत, आणि पाहुण्यांना नीट दिसावा म्हणून बाजूला झाल्या.